ईश्वरप्पांचे विमान

रामहरी मास्तरांच्या सुतारकामाच्या वर्गाला तीन महिने पुरे व्हायला आठ दिवस उरले होते. तेवढ्या अवधीत मुलांनी शाळेचे एक बाक, खिडकीची एक चौकट आणि हेडमास्तरांची छत्री कापून ठेवली होती. छत्रीचा दांडा शिसवी होता आणि शिसवावर करवत कशी चालते हे पाहण्याची जिज्ञासा दुसरीतल्या सिद्धारामला आवरली नव्हती. जिज्ञासा वाढणे हा सुतारकामाचा तिसरा फायदा आहे, असे मास्तरांनी हेडमास्तरांना समजावून सांगितले. पण हेडमास्तर त्या दिवशी सोलापूरच्या उन्हातून उघड्या डोक्याने घरी जाऊन आले होते आणि त्यांना फायदे ऐकायचे नव्हते.

फायदे एकंदर अकरा होते. लहान मुलांना सुतारकाम शिकवल्याने डोळा नेमका होतो, हात स्थिर होतो, मनाला धीर धरायची सवय लागते, असे काही त्या सुमारास पुण्याच्या शिक्षणखात्याच्या मनात भरले होते आणि तसे छापील सर्क्युलर जिल्ह्याजिल्ह्यांतून निघाले होते. मास्तर पुण्याला सहा आठवड्यांचे शिक्षण घेऊन आले, ते एक सर्टिफिकेट आणि अकरा फायद्यांची वही घेऊन. त्यापूर्वी त्यांनी रंधा हातात धरलेला नव्हता. नातेपुत्याला त्यांच्या घरी शेती होती, आणि औताचे काही मोडले तर त्यांचे वडील ते सुताराकडे टाकून येत.

शाळेच्या कमिटीने वर्ग तीन महिन्यांच्या बोलीवर चालू केला होता आणि मास्तरांची जागाही त्याच बोलीवर होती. येत्या शनिवारी डेप्युटी इन्स्पेक्टर येणार होते. त्यांना सारे गाव दिपोटी म्हणे, आणि त्यांचा स्वतःचा शिपाईही तेच म्हणे. दिपोटी मुलांच्या वस्तू पाहणार आणि मग कमिटीचे चेअरमन ईश्वरप्पा काय म्हणतील ते होणार. ते नको म्हणाले की वर्ग गेला आणि वर्गापाठोपाठ मास्तर नातेपुत्याला गेले. ईश्वरप्पा नको म्हणणार याविषयी मास्तरांच्या मनात शंका नव्हती. त्यांचा स्वभावच तसा होता. एखाद्या दिवशी कुणा मुलाचे बोट कापले नाही, तर उद्या दोघांची कापणार म्हणून ते रात्रीच चिंध्या फाडून ठेवत.

आणि दाखवायला होते तरी काय. सिद्धारामने केलेला पाट होता, पण त्यावर बसणारा माणूस हळूहळू डाव्या अंगाला कलत जाई. एकाने पोळपाट केला होता, त्याला कोपरे होते. खरी म्हणावी अशी एकच वस्तू वर्गात होत होती आणि ती एक मुलगी करत होती. सर्क्युलरात 'लहान मुले' असे लिहिलेले होते. मुले म्हणजे मुलगे की मुलगेमुली, हे पुण्याला विचारायचे कोणाच्या लक्षात आले नाही. तेवढ्यात नऊ वर्षांची चन्नम्मा पहिल्याच दिवशी येऊन रंधा धरून बसली. ती चेअरमन ईश्वरप्पांची नात असल्यामुळे तिला ऊठ म्हणायला कोणी धजले नाही. ती बोलायची कमी, पण तिची करवत रेघ सोडत नसे, आणि तिने बसवलेला सांधा मास्तरांना स्वतःला उचकटता येत नसे. टपाल नेणाऱ्या विमानाचे चित्र मास्तरांनी वर्तमानपत्रातून कापून भिंतीला चिकटवले होते, ते बघून चन्नी चहाच्या खोक्याच्या फळ्यांचे विमान करत होती. त्यात कोणाला बसवायचे, हेही तिने ठरवले होते.

"माझ्या अज्जाला," ती म्हणाली. आजोबांना ती अज्जा म्हणे.

"बाहुला कर मग अज्जांचा," मास्तर म्हणाले. "पण आधी माप घ्यावं, मग काम करावं. बसल्यावर माणूस केवढा असतो, तो विमानात केवढा करायचा, सगळं प्रमाणात पाहिजे."

एवढे बोलून मास्तर दुसऱ्या कुणाच्या बोटाला चिंधी बांधायला गेले. आपण काय करून बसलो, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

ईश्वरप्पांचे कापडाचे दुकान आता मुलगा बघत होता आणि स्वतः ईश्वरप्पा गेली सहा वर्षे मरणाची वाट बघत होते. बायको गेली तेव्हापासून आपण पुढची दिवाळी बघत नाही, असे ते दर दिवाळीला सांगत. ते खोटे बोलत होते असे नाही. त्यांना खरोखरच घरात कशात रस उरला नव्हता. बायको ज्या झोपाळ्यावर बसून शेंगा निवडायची त्या झोपाळ्याच्या कड्या त्यांनी दोरीने आवळून बांधून ठेवल्या होत्या आणि स्वतः ते त्याच्या समोर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून असत. पण सहा वर्षे रोज एकच गोष्ट ऐकली की घरच्या माणसांचे कान निबर होतात. "माझं आता काय खरं न्हाई," असे त्यांनी म्हटले की सून पार्वतम्मा आतून विचारी, "ताक आनू का?"

त्या संध्याकाळी चन्नी सुतळी घेऊन खाटेजवळ आली.

"अज्जा, उटून बसा की जरा."

"कशाला?"

"माप घ्यायचंय. बसल्यावर तुमी केवढे हाय ते."

ईश्वरप्पा उठून बसले. चन्नीने सुतळीचे टोक खाटेवर दाबून दुसरे त्यांच्या डोक्यापर्यंत नेले, मग खांद्यांची रुंदी घेतली, मग मांडी घातल्यावर गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत घेतली आणि प्रत्येक मापाला सुतळीला गाठ मारली.

"काय करायलीस गं?"

"विमान करतोय की शाळंत. तुमाला बसवायला. शनवारच्या आत पुरं व्हायला पायजे, मास्तर म्हनलेत."

ती सुतळी गुंडाळत निघून गेली आणि ईश्वरप्पा तसेच मांडी घालून बसून राहिले.

मास्तरांच्या नातेपुत्याला विमान म्हणजे आकाशातून जाते ते. ईश्वरप्पा लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की त्याला आडवा नेत नाहीत. त्याला आंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवतात, आणि ज्या सजवलेल्या लाकडी चौकटीत बसवून शेवटच्या वाटेने नेतात तिला विमान म्हणतात. ईश्वरप्पांनी आपल्या पासष्ट वर्षांत दुसरे विमान पाहिलेले नव्हते. वरून कधी घरघर आवाज गेला तरी ते भिंतीकडे तोंड करून असत.

आता इथे कुणालाही वाटेल की सहा वर्षे ज्याची वाट पाहिली ते एकदाचे येते आहे म्हटल्यावर त्यांना बरे वाटले असेल. तसे झाले नाही. आपण मरणार म्हणत होतो तोवर ठीक होते. घरच्यांनी ते मनावर घेऊन शाळेत मापेसुद्धा पाठवली, म्हणजे डॉक्टरने आपल्यापासून लपवून यांना काहीतरी सांगितले असले पाहिजे, असे त्यांनी ताडले. त्यातूनही शनिवार म्हणजे फार लवकर होता.

जेवताना त्यांनी आडून विचारले, "शनवारचं सगळं तयार हाय न्हवं?"

पार्वतम्मा शाळेतल्या समारंभासाठी शेंगदाण्यांचा कूट करत होती. चेअरमनच्या घरून काही गेले नाही तर बरे दिसले नसते. ती म्हणाली, "व्हय मामंजी. शेंगापोळ्या करनार हाय पन्नास-साठ. लोकं लई येनार म्हनत्यात."

"खानार लोकं?"

"तर. नुस्तं बघून तसंच कसं जातील?"

ईश्वरप्पांनी घास खाली ठेवला. "तुला कायच वाटत न्हाई?"

"वाटायचं काय त्यात? एकदा करायचंच हाय तर नीट करावं. तुमी फकस्त येळेवर तयार ऱ्हावा. मागल्या खेपेला सगळी खोळंबली हुती."

मागच्या खेपेला कमिटीची मीटिंग खोळंबली होती. पण ईश्वरप्पांना मागची खेप म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा आपला टायफॉइड वाटला, आणि त्यांना फार वाईट वाटले. "ऱ्हातो," ते म्हणाले आणि न जेवता उठले. पार्वतम्माने ताक आणू का म्हणून विचारले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी होटगीला सिद्धप्पाला पत्र टाकले. सिद्धप्पा त्यांचा धाकटा भाऊ, रेल्वेत सिग्नलच्या कामाला होता. एका लग्नात पानाचा विडा थोरल्याच्या आधी धाकट्याला दिला गेला आणि धाकट्याने तो घेतला, तेव्हापासून अकरा वर्षे दोघे बोलत नव्हते. पत्रात ईश्वरप्पांनी दोनच ओळी लिहिल्या. 'शनिवारी ये. विमान शाळेत आहे, सरळ तिथेच ये.' मग त्यांनी मठातल्या स्वामींना निरोप धाडला, आणि शेवटी रामहरी मास्तरांना बोलावणे पाठवले.

चेअरमनने घरी बोलावले म्हटल्यावर मास्तरांनी वाटेतच नातेपुत्याची गाडी कुठून किती वाजता मिळते याचा विचार करून ठेवला. ईश्वरप्पा खाटेवर मांडी घालून बसले होते. मास्तर समोर उभे राहिले.

"विमान तुमीच करवताय म्हना की."

"हो अण्णा. म्हणजे चन्नीच करतेय. मी आपला सांगायला."

"लाकूड कुटलं?"

मास्तरांनी मान खाली घातली. "चहाच्या खोक्याचं आहे अण्णा. शाळेला तेवढंच मिळालं."

"चहाच्या खोक्यात बसवनार मला?"

त्यांच्या आवाजातले दुःख मास्तरांना ऐकू आले. चेअरमनचा बाहुला खोक्याच्या लाकडात बसवणे हा अपमान होतो, हे आपल्या आधी ध्यानात यायला हवे होते, असे त्यांना वाटले. ते घाईने म्हणाले, "पण सगळ्यांत आधी तुम्हीच अण्णा. मान तुमचाच. बाकीच्या मेंबरांचं नंतर बघू."

"बाकीच्यांचं बी हाय?"

"मुलांचा हात बसला की एकेकाचं करायचंच."

ईश्वरप्पांना त्या स्थितीतही जरासे समाधान वाटल्यावाचून राहिले नाही. मग त्यांनी विचारले, "दिसायला कसं हाय?"

"चांगलं होतंय. पुढं पंखा आहे."

"पंखा बरा केला. उकाडा लई हाय."

"आणि खाली चाकं आहेत."

यावर ईश्वरप्पा बोटांवर माणसे मोजू लागले. चार माणसे खांदा द्यायला मिळणार नाहीत, असे लोकांना वाटते तर. अकरा वर्षे भावाशी अबोला, सहा वर्षे कोणाच्या लग्नाबारशाला जाणे नाही. लोकांचे तरी काय चुकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मास्तरांना वाटले, चाके पसंत पडली नाहीत.

"चाकं काढायला सांगू का अण्णा?"

"ऱ्हाऊ द्या. लागतीलच." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "दिपोटी बी येनार म्हनं?"

"मुद्दाम येणार. त्यांच्यासमोरच तुम्हांला बसवायचं. मग पुण्याला रिपोर्ट जाणार."

"पुन्यापतुर कळवनार," ईश्वरप्पा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी मान वळवून समोरच्या झोपाळ्याकडे बोट केले. "ती फळी सोडून न्या. तिचे खांब बी न्या. सागवान हाय. हिच्या फळीवर बसून गेलो तर बरं वाटंल मला."

मास्तरांनी दोन हमाल लावून झोपाळा शाळेत नेला आणि त्यांना रात्रभर झोप आली नाही. हातभर विमानाला सहा हात सागवान देणारा माणूस मनात काय धरून आहे, ते त्यांना कळेना. चन्नीने मात्र त्या फळीचा एक कोपरा मोजून कापला आणि खोक्याचे विमान बाजूला ठेवून चार दिवसांत नवे केले.

शनिवारी सकाळी ईश्वरप्पा स्वतः उठले. आपण अजून जिवंत आहोत याचे त्यांना अवघडल्यासारखे झाले होते. माणसे बोलावलेली, पोळ्या लाटलेल्या, स्वामी निघालेले. आणि आपल्याला काही होत नाही. त्यांनी आंघोळ केली, पांढरेशुभ्र धोतर नेसले, कपाळाला आणि दंडांना भस्माचे पट्टे ओढले आणि टांगा मागवला. विमान मागाहून काही आपल्याला बघायला मिळणार नाही. तेव्हा आधीच एकदा नजरेखालून घातलेले बरे, असा त्यांनी विचार केला. मामंजी सहा वर्षांत पहिल्यांदा वेळेवर तयार झालेले पाहून पार्वतम्माला धन्य वाटले.

शाळेच्या पडवीत सतरंजीवर मुलांच्या वस्तू मांडल्या होत्या. दिपोटी खुर्चीवर बसले होते. सिद्धारामचा पाट त्यांनी नुसता हाताने दाबून पाहिला होता. मास्तरांनी वही उघडून फायदे वाचायला सुरुवात केली. पहिला फायदा संपतो न संपतो तोच स्वामी येऊन बसले. दुसऱ्या फायद्याला होटगीहून सिद्धप्पा आला, हातात झेंडूचा हार. मागून त्याची बायको सुंदरम्मा पदराने डोळे पुसत आली.

दोघे भाऊ समोरासमोर आले.

"आलास?" ईश्वरप्पा म्हणाले.

"आलो की. न यीऊन कसं चालंल?" सिद्धप्पाने त्यांच्याकडे नीट पाहिले. "दादा, तू तर चांगला दिसतोस."

"शेवटाला दिसतो मानूस बरा. बस हितं. त्या विड्याचं मनात धरू नको."

"न्हाई धरत. तूच धरला हुतास."

"मीच धरला हुता," ईश्वरप्पा म्हणाले, आणि सुंदरम्मा मोठ्याने रडू लागली. तिचे बघून ओळखीच्या आणखी तिघी-चौघी रडू लागल्या. मास्तर चौथ्या फायद्यावर अडकले.

दिपोटींनी विचारले, "या कोण?"

"पालक आहेत, साहेब."

"रडताहेत का?"

मास्तरांना काहीच ठाऊक नव्हते, पण रडणे हे आपल्या वर्गाच्या संबंधात असणार हे त्यांना स्वाभाविक वाटले. ते म्हणाले, "मुलांची प्रगती पाहून."

तेवढ्यात चन्नी आतून दोन्ही हातांत विमान धरून आली. सागवानाचे, तेल लावून चकचकीत केलेले, दोन पंख, पुढे पंखा, खाली दोन चाके, आणि मधल्या खाचेत बोटभर उंचीचा, रुमाल बांधलेला, मांडी घातलेला एक म्हातारा. मिशा घोड्याच्या केसांच्या होत्या. ते केस तिने टांगेवाल्याकडून मिळवले होते.

"बघा अज्जा," ती म्हणाली.

ईश्वरप्पांनी तिच्या हातातल्या वस्तूकडे पाहिले, मग तिच्या मागे दारातून आत पाहिले.

"आनि मोठं?"

"मोठं कुटलं?"

"मी बसायचं."

"बसलाय की तुमी. हे काय." तिने बाहुल्याच्या रुमालावर बोट ठेवले.

सगळ्यांत आधी कळले ते स्वामींना. त्यांनी भस्माची वाटी खाली ठेवली आणि उपरणे तोंडाला लावून ते बराच वेळ खोकत राहिले. मग त्यांनी मास्तरांना जवळ बोलावून कानात विमान या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. मास्तरांचे तोंड पांढरे पडले. आपण या गृहस्थाला सगळ्यांत आधी तुम्हीच, असे सांगितले होते. चाकांचे कौतुक केले होते. दिपोटींसमोर बसवतो म्हटले होते. हे सगळे त्यांना एकामागून एक आठवत गेले. त्यांनी वही मिटली.

ईश्वरप्पांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. आठ दिवस त्यांनी मनाची तयारी केली होती, भावाला माफ केले होते, बायकोचा झोपाळा दिला होता; आणि आता पोळी खाऊन घरी जायचे, पडायचे आणि ताक प्यायचे. इतके फसल्यासारखे त्यांना दुकानाच्या उभ्या जन्मात वाटले नव्हते.

"म्हंजे मी मरत न्हाई?" त्यांनी मास्तरांना विचारले.

मास्तर प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "सर्क्युलरमध्ये तसं काही नाही अण्णा."

दिपोटींना यातले काही समजले नव्हते, पण त्यांना बाराच्या आत दुसरी शाळा गाठायची होती. त्यांनी कागद पुढे ओढला. "चेअरमनसाहेबांचं मत काय? वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ईश्वरप्पांनी विमान चन्नीच्या हातातून घेतले, उलटे केले, पंख जिथे अंगाला जोडला होता तिथे अंगठा दाबला आणि जोर लावून हलवून पाहिले. सांधा हलला नाही. त्यांनी दुसरा पंख पाहिला. तोही हलला नाही.

"हे हिनं एकटीनं केलं?"

"एकटीनं," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

"मठातल्या विमानाचा सांधा गेलाय," ईश्वरप्पा सावकाश म्हणाले. "मागल्या साली चनबसप्पाला नेला, तवा अर्ध्या वाटंत तिरका झाला. जलमभर ताठ बसलेला मानूस. मी मागनं चाललो हुतो. बघवंना." त्यांनी दिपोटींकडे पाहिले. "झोपाळ्याची फळी हितंच पडलीय. माप घेऊन झालंय. माझं विमान ह्या पोरांनी करावं. ते पुरं हुईस्तोवर वर्ग चालू द्या. पुरं झालं की बंद केला तरी चालंल. माझं काय म्हननं न्हाई."

दिपोटींनी कागदावर लिहिले की मुलांनी विमानाचा नमुना उत्तम केला असून चेअरमनसाहेबांच्या उदार देणगीतून खरे, माणूस बसेल असे विमान करण्याचे काम आता हाती घेण्यात येत आहे. पुण्याला हा रिपोर्ट पोचला तेव्हा तिथे काय वाटले असेल, याची कल्पना करणे बरे नव्हे.

वर्ग राहिला आणि मास्तरांच्या जिवाला नवा घोर लागला. मुलांचा हात जसजसा बसेल तसतसे विमान लवकर पुरे होणार आणि ते पुरे झाले की वर्ग संपणार. नीट शिकवावे तर जागा जाते, वाईट शिकवावे तर सर्टिफिकेटाला लाज. ईश्वरप्पा रोज सकाळी पायी शाळेत येऊ लागले. चौकटीला हात लावत, हे जाड झाले, ते बारीक झाले म्हणत आणि अकराला घरी जाऊन पोटभर जेवत. शनिवारी होटगीहून सिद्धप्पा येई. मग दोघे भाऊ फळीच्या दोन टोकांना बसून खांब कुठे यावेत यावर भांडत. घरी पार्वतम्माला ताकाचे विचारायला वेळच सापडत नसे.

आषाढ सरता सरता चौकट उभी राहिली. आता फक्त पाठीचे चार सांधे उरले आणि तिथे काम अडले. चन्नी सांधा बसवी, सकाळी ईश्वरप्पा येऊन हलवत आणि तो हले. परत करायचा, परत हले. असे पंधरा दिवस चालले.

"चन्ने, तुझा हात बिघडला," मास्तर म्हणाले. त्यांना खरेच वाईट वाटत होते. सगळ्या वर्गात एक हात तयार झाला होता, तोही गेला.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते छडी विसरली म्हणून परत आले, तर चन्नी अजून चौकटीपाशी बसलेली होती. तिने सांधा आत दाबला. तो इतका चपखल बसला की रेघ दिसेना. मास्तर दारात थांबले. मग तिने तो परत बाहेर काढला, पटाशी घेतली आणि नीट बसलेल्या लाकडाची एक साल उतरवली.

"अगं, काय करतेस? घट्ट बसला होता की."

चन्नी दचकली. मग खाली बघत म्हणाली, "म्हनूनच की."

"म्हणूनच म्हणजे?"

"पुरं झालं की अज्जाला त्यात बसवतील."

अकरा फायद्यांची वही मास्तरांच्या खिशात होती, पण तिच्यात या ठिकाणी उपयोगी पडेल असे काही नव्हते. त्यांनी पुढे होऊन तिच्या हातातली पटाशी काढून घेतली आणि चन्नीला वाटले, आता मार बसणार.

"एवढी नको काढूस," ते म्हणाले. "अण्णांना बघताच कळेल. केसभर काढायची. दोन्ही अंगांनी." आणि त्यांनी खाली बसून ती काढून दाखवली. मास्तरांच्या हातून लाकडाचे नेमके झालेले ते पहिलेच काम होते.

सकाळी ईश्वरप्पा आले. त्यांनी चौकटीची पाठ धरून हलवली.

"हलतंय की वो मास्तर, अजून."

"हलतंय अण्णा," मास्तर म्हणाले.

ईश्वरप्पांनी सांध्याच्या फटीत बोट घातले. पन्नास वर्षे कापडाचा पोत बोटांनी ओळखलेला माणूस; बोट बाहेर काढले तेव्हा त्यावर ताज्या लाकडाचा भुसा होता. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग मास्तरांकडे पाहिले. मास्तर भिंतीवरचे चित्र बघत होते. चन्नी रंध्याला तेल घालत होती, आणि ते आधीच पुष्कळ घालून झालेले होते.

ईश्वरप्पांनी बोट धोतराला पुसले आणि ते तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"परत कर मग," ते म्हणाले. "घाई कुनाला हाय."